म म्हणजे माप

४ जून

चि. छोटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पाहून तू घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते की इकडे सगळं ठीक आहे. फोन करता आला असता. पण जे विचारायचं आहे ते बोलून विचारायची लाज वाटते, आणि शिवाय त्यात आकडे आहेत.

आमच्या गल्लीच्या टोकाला शिवणशाळा आहे, तिथल्या मुख्याध्यापिका माझ्याकडूनच कपडे शिवून घेतात हे तुला ठाऊक आहे. मागच्या वर्षी माप देताना त्या म्हणाल्या की त्यांच्या कटिंगच्या बाई यंदा वर्षाअखेरीस निवृत्त होतील, ती जागा मी घ्यावी. चाळीस मुली, उजेडाची खोली, आणि अगं, टेबल केवढं! माझ्या दुकानातली चार टेबलं त्यात बसतील. मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि त्यांनी हळूच पुढचं वाक्य टाकलं, की शालान्त परीक्षेचं प्रमाणपत्र मात्र लागेल.

रागावू नकोस, पण तुला न सांगता मी बाकीचे सगळे पेपर मागच्या वर्षी देऊन टाकले, आणि पासही झाले. बीजगणिताचा अर्ज तेवढा भरला नाही. तो आता १४ ऑक्टोबरला आहे.

का भरला नाही, ते तुझ्याशिवाय कुणाला कळणार? तापात माझं वर्ष गेलं आणि मी तुझ्या वर्गात, तुझ्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसले. मग बीजगणिताच्या त्या परीक्षेत दोघींच्या पेपरांत तीच चूक आणि तेच वाक्य निघालं. जी मागे राहिली तिनेच पाहून लिहिलं, असं चष्मेवाल्या बाईंनी ठरवून टाकलं. आईला शाळेत बोलावलं, माझा पेपर रद्द झाला, आणि पुढच्या आठवड्यात मी आईच्या दुकानात मशीनवर. या गोष्टीला अडतीस वर्षं झाली. तरी मागच्या वर्षी परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षक बाई पाठीमागून चालत आल्या की माझी मान अशी ताठ व्हायची, की तीन तास मी डावी-उजवीकडे पाहिलं नाही. ती अजून दुखते. मी पाहून लिहिलं नव्हतं, हे तुला माहीत आहे. निदान एका माणसाला माहीत आहे, एवढ्यावर मी आजवर निभावलं.

तर मास्तरीणबाई, तीस वर्षं लोकांच्या पोरांना बीजगणित शिकवलंस, आता बहिणीला शिकव. धडे पत्रातूनच पाठव. मोबाइलवरची बारीक अक्षरं मला दिसत नाहीत, आणि तुझ्या लाल शाईची मजा त्यात नाही. मला फार काही आठवत नाही. न सापडलेल्या मापाला मी ‘म’ म्हणायची तेवढं आठवतं. म म्हणजे माप. तू हसायचीस.

आईला यातलं सांगू नकोस. बीजगणिताचं नाव निघालं की ती अजून उठून स्वयंपाकघरात जाते.

लाल शाईत का होईना, माया असू दे.
तुझी,
ताई


१२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र शाळेच्या पत्त्यावर पाठवलंस ते बरं केलंस. शिक्षकांच्या खोलीत वाचलं. शेजारच्या भूगोलाच्या बाईंनी मला विचारलं की कुणी आजारी आहे का. मी म्हटलं, नाही, एक नवीन विद्यार्थिनी मिळाली आहे.

शिकवीन म्हणजे काय, डोळ्यात तेल घालून शिकवीन. सोबत पुस्तक पाठवते आहे, आणि दोन वह्या, एक कच्ची, एक पक्की. क्रम असा ठेवू: आधी अक्षरांची बेरीज-वजाबाकी, मग साधी समीकरणं, मग दोन अज्ञातांची, त्यांचे आलेख, नंतर अवयव पाडणं, आणि सगळ्यात शेवटी वर्गसमीकरणं. मुलं वर्षभर जे शिकतात ते तुला चार महिन्यांत उरकायचं आहे. पण मुलं वर्षातले सहा महिने खिडकीबाहेर बघतात, तेव्हा हिशेब सारखाच.

समीकरणाचं मुख्य सूत्र आत्ताच पाठ करून ठेव. बाजू बदलली की चिन्ह बदलतं. बरोबरच्या चिन्हापलीकडे नेलं की अधिकाचं उणे, उण्याचं अधिक. माझ्या वर्गात भिंतीवर मोठ्या अक्षरात लावलं आहे.

एक मात्र आठवणीने कर. अज्ञात संख्येला क्ष म्हण. ‘म’ लिहू नकोस. परीक्षक नव्या जमान्याचे असतात, उगाच गुण कापतील. मला माहीत आहे की तुला सवय आहे, पण ती सवय मोड. एवढं माझं ऐक.

आणि त्या जुन्या गोष्टी कशाला उगाळतेस? बाई गेल्या, ती शाळा गेली, बाकही कुणी जाळले असतील. आपण पुढचं पाहू. आई बरी आहे. तिचा डावा डोळा अंधूक झालाय, पण माझ्या झग्याची शिवण वाकडी आहे हे तिला उजव्याने लांबून दिसतं.

तुझी मान दुखते त्यावर शेक घेत जा. आहे तो जिव्हाळा कमी करू नकोस.
तुझी,
छोटी


५ जुलै

चि. छोटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पक्की वही सोबत आहे. डाग पडलाय तो मशीनच्या तेलाचा, रडण्याचा नव्हे.

आता भांडण. ते तुझं भिंतीवरचं सूत्र मला मुळीच पटलेलं नाही. बाजू बदलली की चिन्ह का बदलावं? दार ओलांडलं म्हणून कुणी एकदम उलटं होतं का? मी दोन दिवस तशीच गणितं करत होते आणि प्रत्येक वेळी हात अडखळत होता. मग आपली जुनी युक्ती आठवली. समीकरण म्हणजे दुमडलेलं कापड, बरोबरचं चिन्ह म्हणजे घडी. एका पदराला कात्री लावली की दुसऱ्या पदरालाही तेवढीच लागली पाहिजे, नाहीतर कपडा उघडल्यावर वाकडा. म अधिक पाच बरोबर बारा असेल, तर दोन्ही पदरांतून पाच कापायचे. पलीकडे काही जात नाही आणि कुणाचं चिन्ह बदलत नाही. इकडे पाच कापले, तिकडे पाच कापले, संपलं. हे असंच मी तुला दुकानाच्या पायरीवर बसून शिकवलं होतं, आठवतं?

दोन अज्ञातांची समीकरणं तर मी जन्मभर करत आले आणि मला पत्ताच नाही! तीन सदरे आणि दोन पँटींना साडेआठ मीटर लागतं, दोन सदरे आणि चार पँटींना नऊ, तर एकेकाला किती? मी पहिली ऑर्डर दुप्पट धरली: सहा सदरे, चार पँटी, सतरा मीटर. त्यातून दुसरी वजा केली. पँटी उडाल्या, चार सदऱ्यांना आठ मीटर उरलं. सदऱ्याला दोन, पँटीला सव्वा. तुझ्या पुस्तकात याला नऊ ओळी लागल्यात. आलेख मी शिंप्याच्या खडूने टेबलावरच काढले. दोन रेघा बरोबर दोन आणि सव्वावर एकमेकींना भेटल्या, तेव्हा इतका आनंद झाला की गिऱ्हाईक दारात उभं होतं ते दिसलंच नाही.

बघ ना, मला बीजगणित येत होतं गं. हे मी स्वतःलाच सांगायला बावन्न वर्षं ओलांडली.

‘म’ची सवय सुटत नाही. वहीत खोडून खोडून क्ष केलाय. खोडलेलं दिसलं तर डोळेझाक कर.

रागे भर, पण विसरू नकोस.
तुझी,
ताई


१८ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वही तपासली. एकवीसपैकी वीस बरोबर. विसाव्यात सात आठे चोपन्न केलंस, त्याला बीजगणित काय करणार!

तुला एक कबूल करायचं आहे. परवा वर्गात मी कागद दुमडला आणि तुझी युक्ती सांगितली. मागच्या बाकावर एक मुलगी बसते, शाळा सुरू झाल्यापासून तिने तोंड उघडलं नव्हतं. ती उठून फळ्यापाशी आली आणि गणित सोडवून गेली. सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. मग एकाने विचारलं की ही पद्धत तुम्ही शोधलीत का. मी हसले आणि फळा पुसायला लागले, ताई. नाही म्हणाले नाही. भिंतीवरचं सूत्र मी घरी येण्याआधी काढून ठेवलं, पण तुझं नाव घेतलं नाही.

ही एवढीशी गोष्ट आहे हे मला कळतं. तरी परवापासून नीट जेवण जात नाही. आई विचारते की शाळेत काही झालं का. मी तिला काय सांगणार?

अवयवांचा धडा सोबत आहे. दोन कंस गुणणं म्हणजे शिवणं आणि अवयव पाडणं म्हणजे उसवणं, असं तू म्हणशीलच, म्हणून आधीच लिहून टाकते. वर्गसमीकरणांचा धडा मागाहून पाठवीन. मला तो जरा विचार करून लिहायचा आहे. पुस्तकातून तो तू आपण होऊन काढू नकोस. मी पाठवीन तोवर थांब.

आहे तशी मला पदरात घे.
तुझी,
छोटी


१९ ऑगस्ट

चि. छोटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

महिना झाला, तुझा धडा नाही. फोन केला तर तू पेपर तपासतेस असं आई म्हणाली. थांब म्हणाली होतीस, मी नाही थांबले. धाकट्या बहिणीचं ऐकायची मला सवय नाही.

वर्गसमीकरणांचा धडा मी स्वतः काढला. अवयव पाडून सोडवायची चार गणितं जमली. पाचवं असं होतं: एका संख्येचा वर्ग तिच्या सातपटीइतका आहे, तर अशा सर्व संख्या काढा. मी लिहिलं, म वर्ग बरोबर सात म. दोन्ही पदरांतून म कापला. म बरोबर सात. सरळ होतं. मग मागे उत्तर पाहिलं. सात, आणि शून्य.

मी तासभर त्या शून्याकडे बघत बसले. शून्याचा वर्ग शून्य, शून्याची सातपट शून्य. बरोबरच आहे की! म शून्य असेल तर तो कापताच येत नाही, आणि मी न बघता कात्री चालवली होती. दुकानात शून्य मापाचं काही कुणी शिवायला टाकत नाही, म्हणून मला ते कधी सुचलंच नाही.

आणि मग आठवलं. त्या परीक्षेतलं दुसरं गणित हेच होतं ना? तिथे पाचपट होती. मी हेच लिहिलं होतं, ‘दोन्ही पदरांतून म कापला’, आणि आदल्या संध्याकाळी पायरीवर बसून तुलाही हेच शिकवलं होतं. म्हणून दोघींच्या पेपरात तेच वाक्य, तीच चूक. बाईंना काय कळणार की एकीने दुसरीला चुकीचं शिकवलं होतं!

छोटे, मला क्षमा कर. माझ्यामुळे तुझे गुण गेले, तुझ्यावर संशयाची सावली आली. तेव्हा मी बाईंसमोर गप्प राहिले, कारण तोंड उघडलं असतं तर त्यांनी तुझ्याकडे बोट दाखवलं असतं. पण चूक मुळात माझीच होती हे आज कळलं.

मी परीक्षेचा अर्ज मागे घेते आहे. १५ सप्टेंबरपर्यंत मुदत आहे. सख्ख्या बहिणीला जिने चुकीचं शिकवलं, तिने परक्यांच्या चाळीस मुलींना काय शिकवायचं? मुख्याध्यापिकांना मी सांगेन की डोळे साथ देत नाहीत. तू कष्ट घेतलेस, ते वाया गेले म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस.

माझं चुकलं ते पोटात घाल.
तुझी,
ताई


२४ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि मग शाळेतून अर्धा दिवस रजा घेऊन घरी आले. अर्ज मागे घेऊ नकोस. हे पत्र शेवटपर्यंत वाच आणि मग मला हवं ते बोल.

तू मला काहीही चुकीचं शिकवलं नाहीस, कारण मी शिकलेच नव्हते. त्या संध्याकाळी पायरीवर तू कागद दुमडून दाखवत होतीस आणि मी हं हं करत होते. मी ऐकत नव्हते. मला तुझा राग होता. वर्गात मी पहिली यायची. तू आलीस आणि बाईंनी तोंडी प्रश्न विचारला की माझ्याआधी तुझं उत्तर तयार. तू माझी ताई होतीस तोवर ते चालत होतं, माझ्या वर्गातली झालीस ते चालेना.

दुसरं गणित मला येईना. तुझा पेपर उघडा होता. तू कधीच हाताने झाकायची नाहीस. मी पाहिलं, आणि उतरवून काढलं. शब्दन् शब्द, ते पदरांचं वाक्यसुद्धा, कारण त्याचा अर्थच मला माहीत नव्हता. फक्त ‘म’च्या जागी क्ष लिहीत गेले, म तुझा आहे हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं ना. ताई, पाहून मी लिहिलं होतं.

तू बाहेर उभी होतीस तेव्हा बाईंनी आधी मला आत घेतलं. दोघींत कुणी पाहिलं, असं विचारलं. मी म्हणाले की मला माहीत नाही, मी माझं माझं लिहीत होते. एवढंच म्हणाले. तुझं नाव घेतलं नाही, यावर मी अडतीस वर्षं स्वतःची समजूत घालत आले. बाहेर येताना तू माझ्याकडे बघून, घाबरू नकोस, अशी मान हलवलीस. ती मान मला अजून दिसते, आणि तू लिहितेस की मान दुखते.

सोबत माझा तेव्हाचा पेपर आहे. सुयांच्या डब्यात तळाशी ठेवला होता. दुसऱ्या गणिताची शेवटून दुसरी ओळ बघ. तिथे घाईत माझ्याकडून एक ‘म’ राहून गेला. बाईंनी त्याच्याभोवती लाल गोल काढून वर क्ष लिहिला आहे. त्यांना दिसलं होतं, आणि तरी कळलं नाही. म्हणूनच मी तुला पहिल्या पत्रात म लिहू नकोस म्हणाले. परीक्षक गुण कापतात ही शुद्ध थाप. कुठलंही अक्षर चालतं, हे मीच दरवर्षी मुलांना पहिल्या दिवशी सांगते.

म कापताना शून्य हरवण्याची चूक माझ्या वर्गातली अर्धी मुलं करतात. मी त्यांना एक गुण कापते आणि पुढे जाते. तुझी शाळा त्यासाठी गेली, आणि ती मी घालवली. मी कापलेलं शून्य तूच होतीस.

लोभ मागायचं तोंड नाही, म्हणून मागत नाही.
छोटी


५ सप्टेंबर

छोटीस,

आशीर्वाद लिहिताना हात थांबला. पुढच्या पत्रात बघू.

पत्र आलं त्या दिवशी एका सदऱ्याची बाही मी दोन बोटं आखूड कापली. पंचवीस वर्षांत असं झालं नव्हतं. आधी मला हसूच आलं, म्हणजे मी चुकीचं शिकवलं नव्हतं तर! एक दिवस नुसती त्याच आनंदात होते. दुसऱ्या दिवशी राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

पाहून लिहिलंस त्याचा राग नाही. चौदा वर्षांची पोर, गणित येईना, बहिणीचा पेपर उघडा, मीही कदाचित पाहिलं असतं. राग पुढच्याचा आहे. तू शिक्षिका झालीस तेव्हा मी तुला निळा कोट शिवून दिला. तू तो घालून बघितलास, आरशासमोर गोल फिरलीस, आणि मला म्हणालीस की तू शिकली असतीस तर किती बरं झालं असतं. आठवतं? तो कोट अंगावर असताना तुला हे बोलवलं कसं?

आणि ते शून्याबिन्याचं लिहून रडू नकोस. शाई पसरली आहे. मी शून्य नाही, माझं दुकान चालतं.

आता तुझा कबुलीजबाब तपासते. उत्तर बरोबर आहे, पण उत्तराला एकच गुण असतो, बाकीचे पायऱ्यांना, हे तूच मला शिकवलंस. तू सरळ शेवटच्या ओळीवर उडी मारलीस. मधली एक पायरी राहिली आहे. ती तुझ्या घरात, पलीकडच्या खोलीत बसते, तिला एका डोळ्याने दिसतं, आणि तिच्या लेखी मी अजून चोर आहे. तिच्यापुढे मी अडतीस वर्षं मान खाली घालून जेवले आहे.

अर्जाचं मी अजून ठरवलेलं नाही. पंधरा तारीख लांब नाही.

ताई


१० सप्टेंबर

चि. मोठीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अक्षर लागत नसेल तर उजेडात धर. छोटी लिहून देते म्हणत होती, मी नको म्हटलं. हे माझं मला लिहू दे.

तिने काल सगळं सांगितलं. माझ्यासमोर जमिनीवर बसून सांगितलं, लहानपणी पायात काटा गेला की बसायची तशी. ती रडली. मी रडले नाही. मला राग आला, पण तिचा नाही आला.

बाईंनी मला शाळेत बोलावलं तेव्हा परत येताना रस्ताभर तू माझ्या शेजारून चालत होतीस. मी तुला एकदाही विचारलं नाही की तू पाहिलंस का. विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस, आणि मग मला परत शाळेत जाऊन भांडावं लागलं असतं. दुकानात दुसरं मशीन रिकामं पडलं होतं. मला माणूस हवं होतं आणि तुझा हात चांगला होता. बाई म्हणाल्या ते मी खरं धरलं, कारण ते मला सोयीचं होतं. बीजगणिताचं नाव निघालं की मी उठून जायची ती तुझ्या लाजेने नाही गं. माझ्या लाजेने.

आज विचारते, उशीर झाला तरी. पोरी, तू पाहून लिहिलंस का? उत्तर मला माहीत आहे. पण विचारायचं राहिलं होतं.

हे पत्र पंधराच्या आत पोचावं म्हणून छोटी स्वतः टपाल कचेरीत जाते आहे. परीक्षेला जा. लांबचा नाही, जवळचा चष्मा ने. मान मोकळी ठेव.

जमलं तर माझ्यावर माया ठेव, नाही जमलं तरी मी तुझी आईच.
आई


१५ ऑक्टोबर

ती. आईस शि. सा. न. वि. वि., आणि चि. छोटीस अनेक उत्तम आशीर्वाद. दोघींना मिळून एकच पत्र लिहिते, म्हणजे कोण आधी वाचणार यावरून भांडा.

आई, नाही. मी पाहून नव्हतं लिहिलं. तू विचारलंस, म्हणून सांगते. इतकी वर्षं उत्तर तोंडात घेऊन बसले होते, आता बरं वाटतंय.

काल पेपर दिला. माझा नंबर खिडकीपाशी होता, आजूबाजूला सगळी पोरं. एकाने मला पर्यवेक्षक समजून कोरा कागद मागितला. खऱ्या पर्यवेक्षक बाई पाठीमागून आल्या तेव्हा मान आपोआप ताठ झाली. मग मी मुद्दाम खिडकीबाहेर पाहिलं, चांगलं डावीकडे, चांगलं उजवीकडे, आणि पुन्हा लिहायला लागले. कुणी काही म्हटलं नाही.

आलेख सरळ आले. अवयव पडले. सात आठे छप्पन्न लिहिलं, दोनदा मोजून. आणि छोटे, पाचव्या प्रश्नात ते होतंच! एका संख्येचा वर्ग तिच्या नऊपटीइतका आहे, अशा सर्व संख्या काढा. मी पहिली ओळ लिहिली, ‘समजा, ती संख्या म आहे.’ क्ष नाही. म. सगळं एका बाजूला आणलं, अवयव पाडले, आणि दोन्ही उत्तरं लिहिली. शून्य आधी लिहिलं.

निकाल लागायचा तेव्हा लागेल. मुख्याध्यापिकांना मी सांगितलं आहे की माझे डोळे उत्तम आहेत. तुझ्यावरचा राग, छोटे, पुष्कळ उतरला आहे, थोडा आहे. तेवढा राहू दे, त्याने तू नीट वागशील. वर्गातल्या त्या मुलाला सांग की ती पद्धत तू शोधलेली नाहीस, एका शिंपिणीने शोधली. आणि त्या मागच्या बाकावरच्या मुलीला माझ्याकडून एक दुमडलेला कागद दे.

तुझा जुना पेपर परत पाठवते आहे. सुयांच्या डब्यात लपवू नकोस, आता वर ठेव. दुसऱ्या गणितात बाईंनी लाल गोलावर लिहिलेला क्ष मी खोडला आहे आणि म पुढे ‘बरोबर’ची खूण केली आहे. अख्ख्या पेपरात तेवढं एकच अक्षर तू प्रामाणिकपणे उतरवलं होतंस.

दोघींचाही लोभ हवा आहे.
तुमची,
ताई